अरवलीची रांग : चार राज्यांची शेती, एक जलविभाजक

राजस्थानातील राजसमंद जिल्ह्यात, कुंभलगडच्या परिसरात, अरवलीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी दोन वाटांनी उतरते. पूर्वेकडे वळलेले पाणी बनास नदीला मिळते. बनास चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला मिळत असल्याने हे पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेकडे वळलेले पाणी सुकडीसारख्या हंगामी नद्यांतून लुणीला मिळते आणि कच्छच्या रणात संपते. माथ्यावर या दोन वाटांमधील अंतर काही पावलांचे असते. पायथ्याशी मात्र त्यातून दोन निराळे कृषिप्रदेश निर्माण झालेले दिसतात. एका बाजूस मका, गहू आणि मोहरी पिकविणारा पूर्व राजस्थान आहे, तर दुसऱ्या बाजूस बाजरी, मटकी आणि गवार यांवर तग धरणारा मारवाड.

गुजरात, राजस्थान, हरियाणा आणि दिल्ली अशा चार प्रशासकीय सीमा ओलांडणारी ही डोंगररांग उत्तर-पश्चिम भारताच्या शेतीचा पाया आहे. तिची उंची, तिचा खडक, तिची दिशा आणि तिच्यात पडलेली खिंडारे यांचा थेट संबंध पायथ्याच्या विहिरीतील पाण्याशी आणि शेतातील मातीशी पोहोचतो. म्हणूनच अरवलीच्या भूगोलाचा परिचय कृषिविस्तार कार्यात काम करणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरावा असा आहे.

रांगेचा पसारा

गुजरातच्या ईशान्य भागातील बनासकांठा, साबरकांठा आणि अरवली या जिल्ह्यांतून ही रांग वर चढते. यांपैकी अरवली हा जिल्हा २०१३ मध्ये साबरकांठ्यातून वेगळा करण्यात आला आणि त्यास या पर्वताचेच नाव देण्यात आले. तेथून राजस्थान तिरपा ओलांडून, हरियाणाच्या दक्षिण भागातून, रांग दिल्लीपर्यंत पोहोचते. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाणाऱ्या या रांगेची लांबी सुमारे ६७० ते ७०० किलोमीटर मानली जाते. मेवाड आणि मारवाडच्या बोलीत तिला 'आडावळा' म्हणतात. आडवा पडलेला वासा असा त्याचा अर्थ सांगितला जातो. दोन प्रदेशांच्या मध्ये आडव्या पडलेल्या या रांगेस ते नाव शोभते.

दक्षिण भागात अरवली सर्वांत रुंद आणि सर्वांत उंच आहे. सिरोही जिल्ह्यातील माउंट अबूजवळचे गुरुशिखर १,७२२ मीटर उंच असून ते संपूर्ण रांगेतील सर्वोच्च शिखर होय. गोगुंदा आणि कुंभलगड यांच्या दरम्यान भोराटचे पठार पसरले आहे. उदयपूरभोवती टेकड्यांचे कडे असून त्या प्रदेशास 'गिरवा' असे नाव आहे. मेवाडातून मारवाडात उतरणाऱ्या घाटवाटांना स्थानिक लोक 'नाल' म्हणतात. देसुरीची नाल त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

मध्य भागात, अजमेरच्या आसपास, रांग अरुंद आणि तुटक होते. तिच्या उत्तरेस सांभर हे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. त्यापुढे उत्तर भाग सुरू होतो. सीकर जिल्ह्यातील रघुनाथगडची टेकडी हजार मीटरहून किंचित उंच आहे. परंतु सीकर-झुंझुनूचा तोरावाटी प्रदेश, अलवर आणि हरियाणातील महेंद्रगड, रेवाडी, नूह, गुरुग्राम व फरिदाबाद या जिल्ह्यांत रांग क्रमाक्रमाने ठेंगणी होत जाते आणि वाळूत बुडालेल्या कण्याप्रमाणे मधूनमधूनच डोके वर काढते. दिल्लीतील 'रिज' हे तिचे उत्तर टोक. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर उभे आहे, ती याच रांगेचा भाग समजली जाते.

खडक, माती आणि पाण्याची तिजोरी

अरवलीची गणना जगातील प्राचीन वली पर्वतांत होते. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हिमालयाची उभारणी साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. अरवलीतील अनेक खडक दोनशे कोटी वर्षांच्या आसपासचे असून पायातील काही त्याहूनही जुने आहेत. एवढ्या प्रदीर्घ झिजेनंतर उरलेला हा पर्वत आहे. त्याची उंची आज कमी दिसते त्याचे कारण हेच.

येथील प्रमुख खडक क्वार्ट्झाइट, नाइस, शिस्ट, फायलाइट आणि संगमरवर हे होत. जावरचे जस्त, खेत्रीचे तांबे आणि मकराण्याचा संगमरवर ही याच भूरचनेची देणगी आहे. उतारावरील माती उथळ, मुरमाड आणि सेंद्रिय द्रव्याने गरीब असते. दऱ्यांत आणि पायथ्याशी तांबूस-तपकिरी पोयटा साचतो. पूर्वेस गाळाची माती वाढत जाते, तर पश्चिमेस वाळूचे प्रमाण वाढते.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट खडकातील भेगांची आहे. मूळ क्वार्ट्झाइट किंवा नाइस पाणी धरून ठेवत नाही. मात्र कोट्यवधी वर्षांच्या दाबाने त्यात सांधे आणि तडे पडले आहेत. डोंगरावर झाडोरा आणि मातीचा पातळ थर टिकून असेल, तर पावसाचे पाणी संथ गतीने या तड्यांत शिरते आणि पायथ्याच्या गाळथरांत उतरते. डोंगर उघडा पडला की तेच पाणी तासाभरात ओढ्याने निघून जाते आणि सोबत माती नेते. अरवलीला पाण्याची तिजोरी म्हणतात ते या भेगांमुळे, आणि तिजोरीचे दार उघडे राहते ते वरच्या झाडोऱ्यामुळे.

याचे ठळक उदाहरण उत्तर गुजरातेत आढळते. मेहसाणा आणि बनासकांठ्याच्या मैदानात खोल कूपनलिकांवर शेती चालते. तेथील गाळाच्या खोल थरांना मिळणारे पाणी पूर्वेकडील अरवलीच्या पायथ्यालगतच्या पट्ट्यातून मुरते. ऊंझाच्या बाजारात येणारे जिरे, बडीशेप आणि इसबगोल, तसेच डीसा परिसरातील बटाटा, यांचा पाण्याशी असलेला हिशेब असा दूरच्या डोंगरउताराशी जोडलेला आहे. पुनर्भरणापेक्षा उपसा अधिक झाल्याने या पट्ट्यात कूपनलिकांची खोली वाढत गेली. अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाणही चिंताजनक झाले.

वाऱ्याची दिशा आणि पावसाची रेषा

सह्याद्री मोसमी वाऱ्यांच्या वाटेत आडवा उभा आहे. म्हणून त्याच्या पश्चिम उतारावर मुसळधार पाऊस पडतो आणि पूर्वेस पर्जन्यछाया येते. अरवलीची स्थिती निराळी आहे. अरबी समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांना ती जवळजवळ समांतर असल्याने हे वारे फारसे न अडता पुढे सरकतात. बंगालच्या उपसागरावरून येणारी शाखा येथे पोहोचेपर्यंत क्षीण झालेली असते. जे काही बाष्प उरलेले असते, ते बहुतांशी पूर्व बाजूस पडते. परिणामी अबूच्या उंच माथ्यावर वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर रांगेच्या पश्चिमेस दूर असलेल्या जैसलमेरमध्ये तो दोनशे मिलिमीटरच्या आत राहतो. राजस्थानच्या नकाशावर ५०० मिलिमीटर पर्जन्याची रेषा साधारणपणे अरवलीच्या कण्यालगतच जाते.

उन्हाळ्यात हीच रांग दुसरे काम करते. एप्रिल ते जून या काळात थरच्या वाळवंटावरून पश्चिमेचे व नैर्ऋत्येचे जोरदार वारे वाहतात. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचा मोठा हिस्सा जमिनीलगतच्या मीटरभर थरात, उड्या घेत सरकतो. त्यामुळे वाळू अडविण्यासाठी हजार मीटरच्या कड्याची गरज नसते. तीस-चाळीस मीटरची झाडोऱ्याने झाकलेली टेकडीदेखील ते काम करते. बारीक धूळ मात्र उंच चढून दिल्लीपर्यंत आणि त्याही पलीकडे जाते. तिला रोखण्यासाठी टेकडीबरोबर घनदाट वनस्पतीही लागतात.

दोन उतार, दोन पीकपद्धती

अरवलीच्या दक्षिण भागात, उदयपूर आणि लगतच्या साबरकांठा प्रदेशात, मका हे खरिपाचे मुख्य पीक आहे. भिल्ल आणि गरासिया समाजांची शेती येथे डोंगरउतारावरील लहान तुकड्यांत चालते. मक्यात उडीद किंवा तुरीचे आंतरपीक घेण्याची पद्धत रुळलेली आहे. उतारावरील सीताफळ, मोह, पळस आणि तेंदू यांचे उत्पन्न या कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबात शेताइतकेच मोलाचे ठरते. उदयपूर येथील महाराणा प्रताप कृषी व प्रौद्योगिकी विद्यापीठ या प्रदेशासाठी कार्य करते.

पश्चिम पायथ्याशी, पाली आणि सिरोही जिल्ह्यांत, पाऊस कमी आणि अनिश्चित होतो. येथील सोजतची मेंदी विशेष उल्लेखनीय आहे. हे बहुवर्षीय पीक एकदा लावले की अनेक वर्षे पाला देते आणि कोरडवाहू परिस्थितीत टिकते. सोजत मेंदीस २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. याच पट्ट्यात सिरोही जातीच्या शेळीचे मूळ आहे. दूध आणि मांस या दोन्हींसाठी पाळली जाणारी ही काटक जात आता देशाच्या इतर भागांतही आढळते. राईका पशुपालकांचे मेंढ्या, शेळ्या आणि उंटांचे कळप पावसाळ्यात डोंगराच्या चराईवर आणि हिवाळ्यात शेतातील काडावर जगतात. रात्रभर कळप बसविलेल्या शेताला त्या बदल्यात लेंडीखत मिळते.

त्यापुढील मारवाडात आणि शेखावाटीत बाजरी, मूग, मटकी आणि गवार यांचे राज्य आहे. शेतातील खेजडी, म्हणजे आपली शमी, शेतकरी तोडत नाहीत. तिच्या सावलीत पीक खुरटत नाही, पाला जनावरांना मिळतो आणि शेंगा भाजीस उपयोगी पडतात. पाऊस उशिरा येऊन लवकर संपणाऱ्या या प्रदेशात अल्प मुदतीच्या वाणांना महत्त्व आहे. २००५ मध्ये प्रसारित झालेला 'एचएचबी ६७ सुधारित' हा बाजरीचा संकरित वाण साठ-पासष्ट दिवसांत तयार होतो आणि केवडा रोगास प्रतिकार करतो. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने वाळूचे ढीग स्थिर करणे, वातरोधक वृक्षपट्टे आणि शुष्क फळबागा या विषयांत दीर्घकाळ काम केले आहे.

मध्यभागी पुष्करच्या खोऱ्यात गुलाब फुलतो. अजमेरजवळ तबीजी येथे बीजीय मसाला पिकांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. जिरे, धने, मेथी आणि बडीशेप ही पिके थंड, कोरड्या हिवाळ्यात उत्तम येत असल्याने या प्रदेशाची निवड सार्थ ठरली आहे.

पूर्व आणि ईशान्य बाजूस, अलवर, भरतपूर आणि हरियाणातील नूह येथे, रब्बीत मोहरी फुलते. मोहरी संशोधनाची राष्ट्रीय संस्था भरतपूरजवळ सेवर येथे आहे. अलवरच्या खरीप लाल कांद्याने गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली आहे. लहान कंद लावून घेतलेला हा कांदा दिवाळीच्या सुमारास उत्तर भारतातील बाजारांत उतरतो. नाशिक पट्ट्यातील कांदा उत्पादक आणि व्यापारी त्या दिवसांत अलवरच्या आवकेकडे लक्ष ठेवून असतात. कांद्याची ही भरभराट टिकणार की नाही, हे मात्र बाजारापेक्षा भूजलावर अवलंबून आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांनुसार राजस्थान आणि हरियाणा या दोन्ही राज्यांत वार्षिक पुनर्भरणापेक्षा उपसा अधिक आहे.

रांगेला पडलेली खिंडारे

अजमेरपासून हरियाणाच्या महेंद्रगड जिल्ह्यापर्यंत अरवलीत सुमारे डझनभर मोठी खिंडारे नोंदविण्यात आली आहेत. त्यांतील काही नैसर्गिक आहेत. परंतु दगड, संगमरवर आणि अन्य खनिजांच्या उत्खननाने ती रुंदावली आणि नवी पडली. या वाटांनी वाळू पूर्वेकडे सरकते आणि सुपीक जमिनीवर पसरते.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या अहवालानुसार राजस्थानात पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ टेकड्या नाहीशा झाल्या होत्या. न्यायालयाने त्या वेळी ११५.३४ हेक्टर क्षेत्रातील बेकायदा उत्खनन तातडीने थांबविण्याचा आदेश दिला. हरियाणात फरिदाबाद, गुरुग्राम आणि मेवात भागातील उत्खननावर न्यायालयाने त्यापूर्वीच, २००२ आणि २००९ मध्ये, बंदीचे आदेश दिले होते.

२०२५ मध्ये हा प्रश्न 'अरवली म्हणजे काय' या व्याख्येपर्यंत आला. भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर वा अधिक उंची असलेल्या भूरूपासच अरवलीची टेकडी मानावे, ही समितीने सुचविलेली व्याख्या २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली. त्यावर देशभर चर्चा झाली आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने आपल्याच आदेशास स्थगिती देऊन नव्या तज्ज्ञ समितीचा विचार मांडला. कायद्याच्या बाजू काहीही असल्या, तरी शेतीच्या दृष्टीने त्यातील मर्म स्पष्ट आहे. तोरावाटी, महेंद्रगड आणि नूह येथील कित्येक टेकड्या शंभर मीटरहून ठेंगण्या आहेत. जमिनीलगत सरकणारी वाळू त्याच अडवितात आणि गावाच्या विहिरीला पाणीही त्यांच्याच भेगांतून मिळते. उंची मोजताना त्यांचे हे काम मोजपट्टीत येत नाही.

उत्खननाचे दुष्परिणाम खाणीच्या कुंपणापुरते थांबत नाहीत. संगमरवर कापताना निघणारा बारीक राळ वाळला की जमिनीच्या छिद्रांत बसतो आणि पाणी मुरणे मंदावते. खडी केंद्रांची धूळ पानांवर साचून प्रकाशसंश्लेषण घटवते. खोल खाणीत भूजल उघडे पडले, की ते उपसून बाहेर टाकावे लागते आणि लगतच्या विहिरींची पातळी खाली जाते.

पाणी सीमा मानत नाही

साहिबी नदी राजस्थानातील जयपूर-अलवर भागातील टेकड्यांत उगम पावते, हरियाणातील रेवाडीतून जाते आणि दिल्लीत नजफगढ नाल्याच्या रूपाने यमुनेस मिळते. १९७७ मध्ये तिच्या पुराने दिल्लीच्या नजफगढ भागात हाहाकार उडविला. आज तीच नदी बहुतेक काळ कोरडी असते. वरच्या भागातील बांध, पात्रातील वाळूउपसा, अतिक्रमणे आणि घटलेले भूजल या सर्वांचा त्यात वाटा आहे. नीम का थाना परिसरातून उत्तरेकडे जाणाऱ्या दोहन आणि कृष्णावती या नद्यांची कथाही अशीच आहे. महेंद्रगडच्या विहिरींना एकेकाळी या नद्यांच्या पुराचा आधार असे.

प्रवाहाच्या वरच्या गावाने पाणी अडविले, तर खालच्या गावाचे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील पाणलोट कार्यकर्त्यांनाही परिचित आहे. अरवलीत तो राज्यांच्या सीमेवर उभा राहतो. शिवाय वनजमिनीची व्याख्या, उत्खननाचे नियम आणि चराईचे हक्क प्रत्येक राज्यात निराळे आहेत. हरियाणातील बराचसा डोंगर १९०० सालच्या पंजाब भूसंधारण कायद्याखाली येतो. दिल्लीतील रिज राखीव वन आहे. राजस्थानात गोचर, ओरण आणि महसुली पडीक अशा नोंदी आहेत. एकाच टेकडीचे दोन उतार दोन कायद्यांखाली असल्याची उदाहरणे कमी नाहीत.

या रांगेवरून पाणी मुद्दाम वळविल्याचेही उदाहरण आहे. साबरमतीच्या खोऱ्यातील सेई नदीचे पाणी बोगद्यातून पश्चिमेकडील जवाई धरणात आणले जाते. पाली जिल्ह्यातील सिंचन आणि पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून आहे. निसर्गाने पूर्वेस वा दक्षिणेस दिलेले पाणी पश्चिमेस नेण्यासाठी किती खर्च आणि किती सामंजस्य लागते, याची कल्पना यावरून येते.

जोहड आणि गावाचे नियम

अरवलीच्या पायथ्यावरील पारंपरिक जलरचनांत जोहड प्रसिद्ध आहे. सौम्य उतारावर, पाणी उतरत येणाऱ्या वाटेत, चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा बांध घालून जोहड तयार होतो. त्यात साठलेले पाणी जमिनीत मुरून भोवतालच्या विहिरींस मिळते. पाणी ओसरल्यावर तळातील ओलाव्यावर काही ठिकाणी रब्बीचे पीकही घेतले जाते.

अलवर जिल्ह्यात १९८५ पासून राजेंद्र सिंह यांच्या तरुण भारत संघाने गावकऱ्यांच्या श्रमदानातून जुन्या जोहडांची दुरुस्ती आणि नव्यांची बांधणी सुरू केली. गोपालपुरा या गावापासून आरंभ झालेले काम अरवरी नदीच्या उगमाकडील भांवता-कोल्याला या गावांपर्यंत पोहोचले. पाणलोटात अशा अनेक रचना उभ्या राहिल्यावर, केवळ पावसाळ्यात वाहणारी अरवरी १९९० च्या दशकात वर्षभर वाहू लागली. राजेंद्र सिंह यांना २००१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला.

पुरस्कारांहून अधिक अनुकरणीय बाब पुढील टप्प्याची आहे. नदी वाहू लागताच पाण्यावर हक्क कोणाचा हा वाद उभा राहण्याची शक्यता होती. तेव्हा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावांनी 'अरवरी संसद' स्थापन केली. उसासारखी अतितहानलेली पिके घ्यायची नाहीत, उपशावर मर्यादा ठेवायची, डोंगरावरील झाडे तोडायची नाहीत, असे नियम गावांनी स्वतः ठरविले. पाणी अडविणे हे निम्मे काम होते. पीकरचनेचा संयम हे उरलेले निम्मे काम होते.

राजसमंद जिल्ह्यातील पिपलांत्री हे दुसरे उदाहरण. संगमरवराच्या खाणींनी वेढलेल्या या ग्रामपंचायतीत, श्यामसुंदर पालीवाल यांच्या पुढाकाराने, गावात मुलगी जन्मली की १११ झाडे लावण्याची प्रथा सुरू झाली. झाडांसोबत समतल चर, बंधारे आणि चराईच्या जमिनीचे संवर्धन करण्यात आले. वाळवीपासून रोपांचे रक्षण करण्यासाठी लावलेल्या कोरफडीतून महिलांना प्रक्रिया उद्योगही मिळाला. पालीवाल यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. राजस्थानातील ओरणांच्या, म्हणजे आपल्याकडील देवरायांसारख्या राखीव उपवनांच्या, संरक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालातही पिपलांत्रीचा उल्लेख आला आहे.

हरित भिंत आणि झाडांची निवड

केंद्र सरकारने २५ मार्च २०२३ रोजी हरियाणातील टिकली गावी 'अरवली हरित भिंत' प्रकल्पाचा आरंभ केला. गुजरात, राजस्थान, हरियाणा आणि दिल्ली येथील रांगेभोवतीच्या पाच किलोमीटर पट्ट्यात स्थानिक वृक्षांची लागवड, चराईक्षेत्रांचे पुनरुज्जीवन आणि जलाशयांची दुरुस्ती असा त्याचा आराखडा आहे. एकूण २९ जिल्हे त्यात समाविष्ट आहेत.

अशा कामात प्रजातींची निवड निर्णायक ठरते. गेल्या शतकात उजाड टेकड्या झटपट हिरव्या करण्यासाठी विलायती बाभूळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. ती जगली आणि फोफावली, सरपणही मिळाले. परंतु तिच्याखाली स्थानिक गवत आणि रोपे वाढत नाहीत. चराईक्षेत्रे तिने व्यापली. अरवलीचा स्वतःचा वृक्ष धोक आहे. उथळ मातीत आणि खडकाच्या भेगेत तो तग धरतो, उतार बांधून ठेवतो आणि चारा देतो. सालई, खैर, पळस, कुमटा, रोहिडा आणि खेजडी हे त्याचे सोबती. गुरुग्राममधील अरवली जैवविविधता उद्यान पूर्वी खाणींनी पोखरलेल्या जमिनीवर उभे आहे. तेथे २०१० पासून स्थानिक प्रजातींची पुनर्लागवड झाली आणि २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्राबाहेरील जैवविविधता क्षेत्र म्हणून त्यास मान्यता मिळाली. पोखरलेला डोंगर पुन्हा जिवंत करता येतो, याचा तो पुरावा आहे. मात्र दगड काढून सपाट केलेली टेकडी परत उभी करण्याचा कोणताही उपाय नाही.

विस्तार कार्यासाठी काही बोध

१. गावाचा आराखडा करताना शेतापेक्षा आधी टेकडीकडे पाहावे. पाणी कोणत्या उतारावरून येते, तेथील खडकात भेगा कोठे आहेत आणि माथ्यावर आच्छादन किती आहे, याची नोंद प्रथम घ्यावी. उपचारांचा क्रम माथ्याकडून पायथ्याकडे असावा.

२. ठेंगणी टेकडी दुर्लक्षित करू नये. वारा अडविणे आणि पाणी मुरविणे ही दोन्ही कामे ती करते. गावठाणालगतच्या अशा टेकड्यांची ग्रामपंचायतीच्या दप्तरी स्वतंत्र नोंद असणे हिताचे आहे.

३. भूजल वाढले की पीकरचनेचे नियमही त्याच बैठकीत ठरवावेत. पाणी दिसू लागल्यावर नियम करणे कठीण जाते.

४. सामाईक चराईक्षेत्र आणि देवराया यांना पडीक समजू नये. तेथील गवत व झाडे हे पशुधनाचे आणि पाणलोटाचे भांडवल आहे. आळीपाळीने चराईबंदी ठेवल्यास काही हंगामांत गवत सुधारते.

५. लागवडीसाठी स्थानिक, खोल मुळांच्या प्रजाती निवडाव्यात. रोप जगण्याचे प्रमाण तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजावे. पहिल्या पावसाळ्यातील आकडा पुरेसा बोलका नसतो.

६. पाणलोट सीमेवर असल्यास पलीकडच्या तालुक्यातील वा राज्यातील विस्तार यंत्रणेशी आरंभीच संपर्क ठेवावा. वरच्या आणि खालच्या गावांनी पावसाची व विहिरींच्या पातळीची मोजणी एकाच पद्धतीने केली, तर वादाऐवजी आकड्यांवर बोलता येते.

दिल्लीच्या रिजवर पाय ठेवणाऱ्यास ती शहरातील एक झाडीची टेकडी वाटते. अबूच्या पर्यटकास अरवली थंड हवेचे ठिकाण वाटते, तर खाणमालकाच्या लेखी ती दगडाचा साठा आहे. पालीच्या मेंदी उत्पादकाला, अलवरच्या कांदा उत्पादकाला आणि मेहसाण्याच्या जिरे उत्पादकाला मात्र ती एकाच अर्थाने हवी आहे. ती उभी राहिली, तर त्यांच्या विहिरीत पाणी आणि शेतात माती राहील.